सर्जिकल गाइड वापरून इम्प्लांट: पहिली केस हाती घेण्यापूर्वी

इम्प्लांटचे, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाचे, काम नुकतेच सुरू केलेल्या, चार-सहा इम्प्लांट फ्रीहँड (गाइडशिवाय, नजरेच्या अंदाजाने) बसवून झालेल्या आणि आता गाइड वापरून पाहावा असे वाटणाऱ्या दंतवैद्यांसाठी हा लेख आहे. माझा दवाखाना तालुक्याच्या गावी आहे. सीबीसीटीसाठी (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनसाठी) पेशंटला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागते आणि गाइड छापणारी लॅब तर त्याहून लांब आहे. त्यामुळे या साखळीतल्या प्रत्येक कडीवर एकदा तरी माझी फजिती झाली आहे, आणि ती तुमच्या वाट्याला येऊ नये एवढ्याचसाठी पायऱ्या क्रमाने लिहून काढतो आहे.

सर्जिकल गाइड म्हणजे दातांवर किंवा हिरडीवर घट्ट बसणारा रेझिनचा साचा. त्यात ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या कोनात एक नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवलेली असते आणि ड्रिल त्या नळीतूनच हाडात उतरते. ड्रिल कुठे उतरायचे हे आपण आधीच संगणकावर ठरवलेले असते. गाइड ते ठरलेले फक्त तोंडात आणून ठेवतो. म्हणूनच संगणकावर झालेली चूकही तो तितक्याच इमानाने हाडात उतरवतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, वीस क्लिनिकल अभ्यासांच्या एका आढाव्यात गाइडने बसवलेल्या इम्प्लांटची चूक वरच्या टोकाशी सरासरी १.२ मिमी, हाडातल्या टोकाशी १.४ मिमी आणि कोनात ३.५ अंश इतकी भरली होती. सरासरी याचा अर्थ काही केसमध्ये ती याहून जास्त होती. गाइड आहे म्हणून खालच्या जबड्यातल्या नसेच्या (मज्जातंतूच्या) अर्धा मिलिमीटर जवळ जायला हरकत नाही, असे समजणाऱ्यांनी हे आकडे टेबलावर लिहून ठेवावेत.

१. केस गाइडची आहे का, ते आधी तोंडात पाहा

गाइडसोबतची ड्रिल नेहमीच्या ड्रिलपेक्षा लांब असतात, कारण त्यांना स्लीव्हची उंची ओलांडून खाली जायचे असते. त्यात हँडपीसच्या डोक्याची उंची मिळवा, म्हणजे दुसऱ्या दाढेच्या जागी किती तोंड उघडावे लागेल याचा अंदाज येईल. पहिल्याच भेटीत हँडपीसला किटमधले सर्वांत लांब ड्रिल लावावे आणि ते न फिरवता त्या जागी उभे धरून पाहावे. ते सरळ उभे राहत नसेल तर पुढचा सगळा खर्च वाया जातो.

आपल्याकडे ही अडचण पुस्तकात असते त्याहून मोठी आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी सबम्युकस फायब्रोसिसचे (गुटखा-सुपारीमुळे तोंड कमी उघडण्याच्या आजाराचे) पेशंट खुर्चीत यायचे थांबलेले नाहीत. दोन बोटेही जेमतेम आत जातील एवढेच ज्याचे तोंड उघडते, त्याच्या मागच्या दाढेसाठी गाइडचा विचार सोडून द्यावा. थोडीच जागा कमी पडत असेल तर बाजूने उघड्या असलेल्या स्लीव्हचा पर्याय असतो. तिच्यात ड्रिल वरून घालण्याऐवजी गालाच्या बाजूने सरकवता येते.

पहिल्या केससाठी एकच दात नसलेली, दोन्ही बाजूंना घट्ट दात असलेली, हाड पुरेसे रुंद असलेली जागा निवडावी. खालच्या जबड्यात शेवटच्या दाढा नसलेली केस सोपी वाटते, पण तिथे गाइडला मागून आधार नसतो आणि ड्रिलच्या दाबाने त्याचे मागचे टोक खाली झुकते. ती केस पाचवी-सहावी म्हणून घ्यावी.

२. हाताशी काय काय असावे

कागदपत्रांमध्ये पुढील गोष्टी फाइलला लावून ठेवाव्यात:

- पेशंटचा वैद्यकीय इतिहास, मधुमेह असल्यास एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) ताजा रिपोर्ट, आणि रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेल्या औषधांची नोंद
- पेशंटला समजेल अशा मराठीतले संमतिपत्र; गरज पडल्यास गाइड बाजूला ठेवून काम पूर्ण केले जाईल, हे वाक्य त्यात स्पष्ट असावे
- सीबीसीटीच्या मूळ डायकॉम फायली (स्कॅनचा कच्चा डेटा) आणि दोन्ही जबड्यांच्या स्कॅनच्या एसटीएल फायली (दात-हिरडीच्या पृष्ठभागाचा त्रिमितीय आकार)
- प्लॅनिंगचा छापील रिपोर्ट, ज्यात इम्प्लांटचा व्यास व लांबी, स्लीव्हचा ऑफसेट (तो सातव्या भागात समजावला आहे) आणि ड्रिलचा क्रम असतो

साहित्यात गाइड, त्याच जबड्याचे छापील मॉडेल, तुमच्या इम्प्लांट कंपनीचे गाइडेड किट, फिजिओडिस्पेन्सर (ड्रिल फिरवणारे यंत्र), फ्रिजमध्ये थंड केलेले निर्जंतुक सलाइन आणि नेहमीचे सर्जिकल किट लागते. गाइडेड किट कंपनीगणिक वेगळे असते आणि एका कंपनीचे ड्रिल दुसऱ्या कंपनीच्या स्लीव्हमध्ये चालेलच असे नाही. किट उसने आणणार असाल तर प्लॅनिंग करण्याआधी आणा. गाइड छापून झाल्यावर आणलेल्या किटशी स्लीव्ह जुळली नाही, असे झालेले मी पाहिले आहे.

३. सीबीसीटीच्या चिठ्ठीत नेमके लिहा

नुसते ‘सीबीसीटी खालचा जबडा’ एवढेच लिहून पाठवले, तर बहुतेक वेळा चकचकीत छापील फिल्म आणि सेंटरच्या स्वतःच्या व्ह्यूअरमध्येच उघडणारी सीडी हातात येते. प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरला त्यातले काहीच उपयोगी पडत नाही. माझ्या पहिल्या केसमध्ये पेशंट पन्नास किलोमीटर जाऊन आले, आणि फायलींसाठी त्यांना पुन्हा जावे लागले. तेव्हापासून मी चिठ्ठीवर चार ओळींचा शिक्काच करून घेतला आहे. मूळ डायकॉम फायली पेनड्राइव्हवर किंवा लिंकने द्याव्यात, व्हॉक्सेल (स्कॅनमधला सर्वांत लहान ठोकळा) ०.२ ते ०.३ मिमी असावा आणि निर्यात करताना स्लाइस जाड करू नयेत. दोन्ही बाजूंना कापसाचे रोल ठेवून वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे ठेवावेत. ओठ आणि गाल हिरडीपासून दूर ठेवावेत.

यातली तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. दात मिटलेले असले की वरच्या आणि खालच्या दातांची चावण्याची पृष्ठे स्कॅनमध्ये एकमेकांत मिसळतात, आणि पुढे फायली जुळवायच्या त्या नेमक्या याच पृष्ठांच्या आधाराने. चौथ्या ओळीमुळे हिरडीची जाडी स्वतंत्र दिसते, जी फ्लॅप उघडायचा (हिरडी कापून बाजूला करायची) की नाही हे ठरवताना कामी येते.

तोंडात धातूचे क्राउन भरपूर असतील तर स्कॅनमध्ये ताऱ्यासारख्या रेघा पसरतात आणि दातांची कड हरवते. अशा वेळी खुणा असलेला स्टेंट (दातांवर बसणारा साचा) घालून स्कॅन करून घ्यावा. स्वतःच्या दवाखान्यात मशीन बसवण्याचा विचार असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि त्यासाठीचा अर्ज ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर करावा लागतो, एवढे इथे सांगून पुढे जातो.

४. दातांचा स्कॅन, आणि त्यानंतर तोंडाला हात न लावणे

सीबीसीटीत हाड चांगले दिसते, पण दातांची पृष्ठे गाइड घट्ट बसवण्याइतकी अचूक येत नाहीत. म्हणून दात आणि हिरडीचा वेगळा स्कॅन लागतो. इंट्राओरल स्कॅनर नसेल तर अॅडिशन सिलिकॉनचे माप घेऊन, त्याचे दगडी (कडक प्लास्टरचे) मॉडेल ओतून लॅबमध्ये स्कॅन करून घ्यावे. अल्जिनेटच्या मापावर गाइड करू नये. ते माप कुरियरमध्ये असतानाच आकसते. माप असो वा स्कॅन, इम्प्लांटच्या जागेपुरते न घेता संपूर्ण कमानीचे घ्यावे आणि समोरच्या जबड्याचे व बाइटचेही सोबत घ्यावे.

आता माझी फजिती. एका बाईंच्या खालच्या डाव्या पहिल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचे होते. स्कॅन झाल्यानंतर आठवड्याने त्या शेजारच्या उपदाढेत अन्न अडकते म्हणून आल्या आणि मी तिथे काँपोझिट भरून दिले. अर्ध्या तासाचे काम, विसरूनही गेलो. शस्त्रक्रियेच्या दिवशी ब्लॉक (भुलीचे इंजेक्शन) देऊन झाला, गाइड बसवला, आणि तो एका बाजूला हलकासा डुलला. मागच्या दाढेवरच्या खिडकीतून पाहिले तर दात आणि रेझिन यांच्यात जवळजवळ मिलिमीटरभर फट होती. लॅबने गाइड खराब केला असेच मला आधी वाटले. मग गाइडच्या आतल्या बाजूला फिट-चेकरचा (कुठे टेकते ते दाखवणाऱ्या पदार्थाचा) पातळ थर लावून पुन्हा बसवला, तेव्हा तो थर नेमका उपदाढेच्या मागच्या कडेवर फाटला. माझ्याच काँपोझिटचा फुगवटा तिथे टेकत होता. गाइडला त्या जागी आतून बर (घासायचे टोक) लावला, तेव्हा तो खाली बसला; मात्र तोवर वीस मिनिटे गेली होती आणि भूल पुन्हा द्यावी लागली.

त्यामुळे फिलिंग, क्राउन, स्केलिंग, दात काढणे, जे काही करायचे असेल ते स्कॅनच्या आधी करावे. स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांत अंतर कमीत कमी ठेवावे आणि मधल्या काळात पेशंटने दुसरीकडे काही करून घेतले का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावे.

५. दोन फायली जुळवणे

सॉफ्टवेअरमध्ये डायकॉम आणि एसटीएल एकमेकांवर बसवताना दोन्हींत ठळक दिसणारे किमान तीन बिंदू निवडायचे असतात. हे बिंदू एकमेकांपासून जितके दूर तितके चांगले: एक डाव्या दाढेवर, एक उजव्या दाढेवर, एक सुळ्यावर. तिन्ही बिंदू जवळजवळ घेतले, तर तिथे जुळणी सुरेख दिसते आणि कमानीचे दुसरे टोक दोन मिलिमीटर उचललेले राहते.

सॉफ्टवेअर ‘जुळले’ म्हणून हिरवी खूण दाखवते, तिच्यावर थांबू नये. स्कॅनची रंगीत रेघ दाताच्या इनॅमलच्या कडेवरून चालते का, हे आडव्या, उभ्या आणि तिरप्या अशा तिन्ही छेदांत, प्रत्येक दातावर जाऊन पाहावे. प्लॅनिंग लॅबकडे सोपवले असले तरी या टप्प्याचे स्क्रीनशॉट मागवून स्वतः पाहावेत. गाइड नीट बसतो आणि तरीही इम्प्लांट भलतीकडे जाते, अशा केसमध्ये दोष बहुधा इथेच सापडतो, कारण जुळणी चुकली असली तरी गाइड दातांवर मात्र बिनतक्रार बसतो.

६. आधी दात, मग इम्प्लांट

पडद्यावर हाड दिसले की जिथे हाड भरपूर तिथे इम्प्लांट ठेवण्याचा मोह होतो. तसे न करता आधी त्या जागी येणारा दात, म्हणजे डिजिटल वॅक्स-अप, ठेवावा आणि त्याच्या मध्यातून स्क्रूची वाट येईल असे इम्प्लांट त्याखाली लावावे. हाड तिथे पुरत नसेल तर ग्राफ्ट (हाडाची भर) लागेल की जागा थोडी सरकवता येईल, हे ठरवायची वेळ हीच.

अंतरे ठरलेली आहेत: शेजारच्या दाताच्या मुळापासून किमान १.५ मिमी, दोन इम्प्लांटमध्ये ३ मिमी, गालाच्या बाजूला १.५ ते २ मिमी हाड शिल्लक आणि खालच्या नसेपासून किमान २ मिमी. दर्शनी भागात इम्प्लांटचा प्लॅटफॉर्म, म्हणजे वरचा सपाट भाग, येणाऱ्या दाताच्या हिरडीच्या कडेपासून ३ ते ४ मिमी खाली असावा. नसेच्या अंतरात आणखी एक गोष्ट धरावी लागते, जी मला कोणी सांगितली नव्हती: अनेक किटमध्ये ड्रिलचे अणकुचीदार टोक नोंदवलेल्या लांबीच्या पुढे अर्धा ते एक मिलिमीटर जाते. म्हणजे दहा मिमीचे ड्रिल प्रत्यक्षात साडेदहा-अकरा मिमी जाते. कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो. तो शोधून वजाबाकी करावी.

नस स्वतः आखावी. उपदाढांच्या भागात मेंटल नसेचे (हनुवटीकडे जाणाऱ्या फांदीचे) वळण पुढे येऊन मागे फिरते का, हे पाहिल्याशिवाय तिथली लांबी ठरवू नये.

७. स्लीव्ह आणि ऑफसेटचे गणित

नव्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो. ऑफसेट म्हणजे स्लीव्ह आणि इम्प्लांटचा प्लॅटफॉर्म यांमधले अंतर. काही कंपन्या ते स्लीव्हच्या खालच्या कडेपासून मोजतात, काही वरच्या कडेपासून. उदाहरणार्थ, स्लीव्ह ५ मिमी उंच आहे, तिच्या खालच्या कडेपासून प्लॅटफॉर्म ४ मिमीवर आहे, ड्रिल ज्या चमच्यातून जाते त्याच्या कडेची जाडी १ मिमी आहे आणि इम्प्लांट १० मिमी लांब आहे. ड्रिलच्या स्टॉपपासून लागणारी लांबी ५ अधिक ४ अधिक १ अधिक १०, म्हणजे २० मिमी. हे गणित रिपोर्टमध्ये छापून येते, तरी प्रत्येक केसला ते हाताने कागदावर करून पाहावे. सॉफ्टवेअरच्या यादीतून सारख्याच नावाची दुसरी स्लीव्ह निवडली गेली, तर गाइड दिसायला तसाच दिसतो आणि खोली दोन मिलिमीटरने चुकते.

ऑफसेट कमी ठेवला तर ड्रिल कमी हलते आणि अचूकता वाढते. पण स्लीव्ह हिरडीवर टेकत असेल तर गाइड खालीच बसत नाही. हिरडी जाड असेल तिथे ऑफसेट वाढवावा लागतो.

८. डिझाइन आणि छपाई

गाइड एका बाजूपुरता छोटा करू नये. इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंना तीन-चार दातांचा आधार घ्यावा आणि शक्य तिथे कमानीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत न्यावा. जाडी अडीच-तीन मिलिमीटर ठेवावी, नाहीतर तो दाबाखाली वाकतो. हलणाऱ्या दाताचा आधार घेऊ नये. चावण्याच्या पृष्ठांवर पुढे-मागे दोन-तीन खिडक्या ठेवायला लॅबला लेखी सांगावे, कारण गाइड खरोखर बसला आहे की नाही हे त्यातूनच दिसते.

रेझिन सर्जिकल गाइडसाठीच बनवलेले आणि जैवसुसंगत असावे. मॉडेलचे रेझिन तोंडात वापरू नये. छपाईनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुणे आणि नंतर क्युरिंग करणे ही दोन्ही कामे उत्पादकाने सांगितलेल्या वेळेइतकी व्हायला हवीत. ऑटोक्लेव्ह चालते का आणि कोणत्या तापमानाला, हेही रेझिनच्या बाटलीसोबतच्या कागदावर असते. सर्व रेझिने ते सहन करत नाहीत. प्रिंटर स्वतःचा असेल तर तो इन्व्हर्टरवर टाकावा. छपाई मध्येच वीज गेली, तर त्या थराशी राहिलेली रेघ बारीक दिसते, पण गाइड तिथेच मोडतो. असा गाइड टाकून द्यावा.

९. मॉडेलवर तालीम

शस्त्रक्रियेच्या आधी छापील मॉडेलवर गाइड बसवून, चमचा आणि प्रत्येक ड्रिल हाताने क्रमाने आत घालून पाहावे. स्लीव्ह चिकटवताना गोंद आत शिरला असेल किंवा स्लीव्ह पूर्ण खाली गेली नसेल, तर ते इथे कळते. असिस्टंटलाही याच वेळी सोबत घ्यावे. ड्रिलचा क्रम माझ्या असिस्टंट ताईंना माझ्याइतकाच पाठ असतो, आणि एकदा मी चुकीचा चमचा उचलला तेव्हा त्यांनीच हात धरला होता.

१०. शस्त्रक्रियेच्या दिवशी

गाइड तोंडात बसवल्यावर प्रत्येक खिडकीतून आरशाने पाहावे आणि दोन टोकांवर आलटून पालटून बोट दाबून डुलतो का ते तपासावे. डुलत असेल तर ड्रिल हातात घेऊ नये.

फ्लॅप न उघडता काम होते, ही गाइडची जाहिरात असते. ते तेव्हाच करावे, जेव्हा हाड रुंद आहे आणि घट्ट, केराटिनयुक्त हिरडी भरपूर आहे. पंचने गोल तुकडा काढला की ती हिरडी गेली. पट्टी मुळातच अरुंद असेल तर छोटा फ्लॅप उघडलेलाच बरा, आणि तेव्हा फ्लॅप गाइडखाली चिमटत नाही याची खात्री करावी.

उष्णतेची काळजी फ्रीहँडपेक्षा जास्त घ्यावी. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिले तरी त्याला इजा होते, आणि इथे सलाइनची धार स्लीव्हच्या कडेवर आपटून बाहेर जाते. सलाइन थंड ठेवावे, असिस्टंटने वेगळ्या सिरिंजने स्लीव्हच्या खालच्या फटीतून धार सोडावी, आणि ड्रिल सलग न दाबता वर-खाली करत न्यावे. दर वेळी ते पूर्ण बाहेर काढून पुसावे. साचलेला हाडाचा चुरा ड्रिलला स्टॉपपर्यंत जाऊ देत नाही आणि मग इम्प्लांट ठरल्यापेक्षा उंच राहते.

पहिल्या ड्रिलनंतर थांबून खड्ड्यात डायरेक्शन पिन ठेवावी आणि आयओपीए (दाताचा छोटा एक्स-रे) घ्यावा. चूक असेल तर ती दोन मिलिमीटर रुंदीच्या खड्ड्यात सुधारता येते, चार मिलिमीटरच्या नाही. इम्प्लांट गाइडमधूनच उतरवणार असाल तर शेवटच्या टप्प्यात माउंट (इम्प्लांट धरणारा भाग) स्लीव्हवर टेकल्यावर जोर लावू नये. टॉर्क (पिळण्याचा जोर) वाढत राहिला तर इम्प्लांट जागीच फिरते आणि हाडातली पकड सैल होते.

११. दात नसलेला जबडा

ही केस सुरुवातीला करू नये, पण माहिती असावी. इथे पेशंटच्या चांगल्या बसणाऱ्या कवळीत गटापर्चाच्या (एक्स-रेत दिसणाऱ्या पदार्थाच्या) सहा ते आठ खुणा करून एक स्कॅन कवळी घालून आणि बाइट इंडेक्स (चावण्याचा ठसा) चावून, तर दुसरा नुसत्या कवळीचा घेतात, आणि खुणांवरून दोन्ही जुळवतात. कवळी सैल असेल तर आधी रिलाइन करावी (आतून नवा थर देऊन घट्ट करावी), कारण कवळीखाली राहिलेली हवेची फट पुढे गाइडखालीही तशीच येते. गाइड हिरडीवर बसत असल्याने तो बाइट इंडेक्स चावून धरायला सांगून किमान तीन पिनांनी हाडाला पक्का करतात. भूल देताना गाइडखालच्या हिरडीत भरपूर औषध टोचले तर ती फुगते आणि गाइड उचलला जातो; म्हणून थोडे थोडे, लांबून, आणि उतरायला वेळ देऊन टोचावे.

१२. गाइड बाजूला कधी ठेवावा

तीन प्रसंगी मी क्षणाचाही विचार करत नाही: खिडकीत फट दिसते आणि कारण सापडत नाही, पहिल्या ड्रिलच्या आयओपीएत दिशा प्लॅनिंगशी जुळत नाही, किंवा ड्रिल अचानक पोकळीत गेल्यासारखे हाताला जाणवते. फ्लॅप उघडून हाड डोळ्यांनी पाहावे आणि फ्रीहँड पुढे जावे, किंवा टाके घालून पेशंटला नवी तारीख द्यावी. म्हणूनच नेहमीचे ड्रिल-किट त्या दिवशीही निर्जंतुक करून ट्रेवर उघडे ठेवावे, कपाटात नाही. वापरलेला गाइड धुऊन, तारीख आणि केस क्रमांक लिहिलेल्या पिशवीत मॉडेलसोबत ठेवावा. चार महिन्यांनी क्राउन बसवताना इम्प्लांट अर्धा मिलिमीटर जिभेकडे का आले, हा प्रश्न पडलाच तर तपासायला तो हाताशी असतो.